‘कोण?’ आणि ‘मी’ : आवाज, संहिता व ऐकण्याचे उत्तरदायित्व

१

दारावर थाप पडते. आतून कोणी विचारते, ‘कोण?’ बाहेरून उत्तर येते, ‘मी.’ दार उघडते. इतक्या नित्याच्या या संवादापाशी भाषेचा अभ्यासक क्षणभर थांबला, तर त्याला एक अडचण जाणवेल. ‘मी’ या सर्वनामाला स्वतःचा असा ठरलेला निर्देश नाही. बेन्व्हेनिस्त यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, जो बोलतो तो त्या उक्तीपुरता ‘मी’ असतो. म्हणजे जगातील कोणीही ‘मी’ असू शकतो आणि व्याकरणाच्या दृष्टीने ‘कोण?’ या प्रश्नाला ‘मी’ हे उत्तरच नव्हे. तरीही दार उघडते. याचे कारण उघड आहे : उत्तर शब्दाने दिलेलेच नसते, ते आवाजाने दिलेले असते.

हाच संवाद कागदावर उतरवला की शब्द सगळे राहतात आणि उत्तर तेवढे नाहीसे होते. काय बोलले गेले हे संहिता सांगते. कोण बोलले हे ती सांगू शकत नाही. लेखनाची ही मर्यादा जुनीच आहे आणि तिच्याविषयी केवळ हळहळ व्यक्त करण्यात अर्थ नाही. लेखन नसते तर साहित्याचा इतिहास नसता आणि हा लेखही नसता. परंतु जेव्हा आपण दुसऱ्याचे बोलणे वा गाणे लिहून घेतो, त्याची संहिता करतो आणि तिच्यावर समीक्षा उभारतो, तेव्हा आवाज गाळला जाणे ही केवळ तांत्रिक बाब राहते काय? की ज्याचा आवाज गळला त्याचे आपण काही देणे लागतो? हा प्रश्न प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मराठी भाषेला या प्रश्नाची जाण आहे, असे तिच्या वाक्प्रचारांवरून वाटते. अन्यायाला ‘वाचा फोडली’ जाते, भीतीने ‘वाचा बसते’, दुबळ्याचा ‘आवाज दाबला’ जातो, एखाद्याला ‘शब्द दिला’ जातो. शेवटच्या प्रयोगात ‘शब्द’ म्हणजे कोशातील पद नव्हे. बोलणाऱ्याने स्वतःला बांधून घेणे, असा त्याचा अर्थ आहे. या सर्व ठिकाणी बोलणे ही आशयाची वाहतूक नसून माणसाने दुसऱ्यापुढे उभे राहण्याची रीत आहे. आपली सिद्धांतव्यवस्था मात्र आवाजाला बहुधा ‘माध्यम’ या एका शब्दात निकालात काढते.

२

असे का घडले हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यामागे निष्काळजीपणा नाही. आधुनिक भाषाविज्ञानाने आवाज जाणीवपूर्वक बाजूला ठेवला आणि तसे करणे त्याला भागच होते. फुफ्फुसातून निघालेली हवा स्वरतंतूंना कंपित करते. घसा, तोंड व नाक यांच्या पोकळ्या त्या कंपनाला रूप देतात. प्रौढ पुरुषाच्या स्वरतंतूंची कंपने सेकंदाला साधारणपणे शंभर-सव्वाशे, तर स्त्रीची दोनशेच्या आसपास असतात. लहान मुलाने, तरुण स्त्रीने आणि दमेकरी म्हाताऱ्याने उच्चारलेले ‘क’ भौतिकदृष्ट्या तीन निरनिराळ्या घटना आहेत. त्या तिन्ही ‘क’च आहेत असे आपण ऐकतो, म्हणूनच भाषा शक्य होते. सोस्यूर यांनी चिन्हाचा ध्वनिपक्ष हा प्रत्यक्ष ध्वनी नसून त्याचा मानसिक ठसा आहे, असे म्हटले. पुढे स्वनिमविचाराने ध्वनीचे मूल्य त्याच्या इतर ध्वनींशी असलेल्या भेदात शोधले. या भेदव्यवस्थेत एका विशिष्ट गळ्याचे विशिष्टपण हा अवशेष ठरतो. तो वजा केल्याखेरीज विश्लेषणाला आरंभच होत नाही.

ही वजाबाकी शास्त्र म्हणून निर्दोष आहे. दोष येतो तो शास्त्राची सोय ही वस्तूचे स्वरूप मानली जाते तेव्हा. विश्लेषणासाठी जे दूर ठेवले ते मुळातच गौण होते, असे आपण नकळत धरून चालतो. साहित्यसमीक्षेने संरचनावादाकडून पुष्कळ घेतले. त्याबरोबर हे गृहीतही घेतले. ‘संहिता स्वायत्त असते’ या सूत्राचा उपयोग छापील कवितेच्या संदर्भात मोठाच होता. तेच सूत्र गायिलेल्या ओवीला वा सांगितलेल्या कहाणीला लावताना मात्र आपण ज्या वस्तूचे विश्लेषण करीत असतो, ती वस्तू आपणच तयार केलेली असते.

३

‘भारतीय परंपरा मौखिक आहे, ती आवाजाचा सन्मान करते’ असे उत्तर येथे तत्परतेने दिले जाते. ते तपासून घ्यावयास हवे. वेदाला ‘श्रुती’ म्हणणाऱ्या, उदात्त-अनुदात्त-स्वरितांचा सूक्ष्म विचार करणाऱ्या परंपरेला उच्चाराचे महत्त्व ठाऊक होते, यात शंका नाही. स्वर चुकल्याने यजमानाचाच घात झाल्याची ‘इंद्रशत्रु’ या समासाची कथा पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच दिली आहे. परंतु या शिस्तीचा हेतू कोणता? प्रत्येक पिढीतील प्रत्येक पाठकाने अक्षर, मात्रा, स्वर यांत तिळमात्र फरक न करता तेच म्हणावे, हा. म्हणणाऱ्याचा गळा तेथे नितळ काचेसारखा असावा लागतो. त्याचा स्वतःचा रंग दिसला तर तो दोष. हा उच्चाराचा सन्मान आहे, उच्चारणाऱ्याचा नव्हे. आणि ज्या परंपरेने ऐकण्याला ज्ञानाचे सर्वोच्च प्रमाण मानले, तिच्यातच वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांना आणि तो उच्चारणाऱ्याच्या जिभेला शिक्षा सांगितली गेली. गौतम धर्मसूत्रात ती नोंदलेली आहे. आवाज कोणाच्या मुखातून निघावा आणि कोणाच्या कानी पडावा, हा सत्तेचा प्रश्न आहे हे त्या सूत्रकाराला आपल्यापेक्षा अधिक स्पष्टपणे कळले होते, असे खेदाने म्हणावे लागते.

तात्त्विक पातळीवरही हेच दिसते. भर्तृहरीने वाणीची वैखरी, मध्यमा आणि पश्यंती अशी त्रिविध कल्पना मांडली. काश्मीर शैव विचारकांनी तिच्यावर परा वाणीची स्थापना केली. या उतरंडीत वैखरी, म्हणजे प्रत्यक्ष गळ्यातून निघून दुसऱ्याला ऐकू जाणारी वाणी, सर्वांत खालच्या पायरीवर आहे. जसजसे वर जावे तसतसा शरीराचा संपर्क सुटत जातो.

पाश्चात्त्य परंपरेच्या बाबतीत याच्या नेमके उलट सांगितले जाते. झाक देरिदा यांनी १९६७ साली हुसेर्लचे परीक्षण करताना असे प्रतिपादन केले की, त्या परंपरेने वाणीला लेखनापेक्षा श्रेष्ठ मानले. कारण बोलताना मी स्वतःला ऐकतो आणि त्या ऐकण्यात अर्थ व जाणीव यांच्यात अंतर नाही असा भास होतो. या ध्वनिकेंद्रिततेची चिकित्सा करणारा लेख वाचल्यानंतर आवाजाविषयी भाबडेपणाने बोलणे कोणालाच शक्य नाही. पण देरिदांच्या चिकित्सेचा विषय असलेली वाणी कोणती, हे पाहिले पाहिजे. ती हुसेर्लच्या एकाकी मनोव्यवहारातील निःशब्द वाणी आहे. तिला घसा नाही, श्वास नाही, समोर कोणी नाही. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर ती मध्यमेच्या जवळची आहे. वैखरी तेथे उपस्थितच नाही.

प्रत्यक्ष आवाजाचा अनुभव या स्वयंपूर्णतेला छेद देणारा आहे. ध्वनिमुद्रणातून स्वतःचा आवाज प्रथम ऐकणारा माणूस दचकतो. आपण स्वतःला हवेवाटे तसेच कवटीच्या हाडांवाटे ऐकतो; इतरांना केवळ हवेतून आलेला आवाज ऐकू येतो. ज्या खुणेवरून सारे मला अंधारातही ओळखतात, ती खूण मला स्वतःला परकी असते. माझा आवाज माझा आहे तो इतरांच्या कानांत. म्हणून वैखरी ही आत्मोपस्थितीची ग्वाही नसून दुसऱ्याच्या स्वाधीन होणे आहे. आद्रियाना कावारेरो यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात आवाजाच्या अनन्यतेवर भर दिला तो याच दिशेने : आवाज बोलणाऱ्याचे सार सांगत नाही, पण तो कोणीतरी एक आहे आणि दुसऱ्या कोणाशी तरी बोलतो आहे, हे सांगतो.

४

बोलणे हे दुसऱ्याच्या स्वाधीन होणे असेल, तर नैतिक भार ऐकणाऱ्यावर येतो. ॲरिस्टॉटलने ‘राजनीती’च्या आरंभी एक प्रसिद्ध भेद केला आहे. सुखदुःख व्यक्त करणारा आवाज इतर प्राण्यांनाही असतो. न्याय-अन्याय व्यक्त करणारी वाणी मात्र मनुष्यालाच असते. हा भेद वर्णनात्मक वाटतो, पण त्यात एक निवाडा दडलेला आहे. कोणाच्या मुखातून निघणारा ध्वनी ‘वाणी’ म्हणून मोजावयाचा आणि कोणाचा नुसता ‘गलका’ म्हणून सोडून द्यावयाचा, हे कोण ठरवणार? झाक रांसिएर यांनी १९९५ मध्ये राजकारणाचा मूळ तंटाच येथे असल्याचे म्हटले. आपल्याकडे डॉ. आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘मूकनायक’ होते. त्या नावातील ‘मूक’ या शब्दाचा अर्थ आवाज नसलेले, असा घेणे चूक ठरेल. ज्यांचे बोलणे बोलणे म्हणून ऐकलेच गेले नाही ते मूक, असा तो घ्यावयास हवा.

या पार्श्वभूमीवर ‘आवाज नसलेल्यांना आवाज देणे’ हा आजच्या समीक्षेतील आवडता वाक्प्रयोग संशयास्पद वाटू लागतो. आवाज देता येत नाही, तो असतोच. देता येते ते लक्ष, आणि तेच सहसा दिले जात नाही. अर्थात दुसऱ्याच्या आवाजात बोलणे सर्वस्वी निषिद्ध मानावे, असे मला म्हणावयाचे नाही. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडांतून महार, वाघ्या, जोशी, गोंधळी अशा अनेकांना बोलते केले. ब्राह्मण कवीने महाराच्या मुखाने बोलावे यात उसनवारी आहे, हे खरे. पण भारूड हे सादर होणारे रूप आहे. सोंग घेतले आहे हे सोंग घेणारा व पाहणारा दोघेही जाणतात. ‘मी त्याच्या जागी बोलतो आहे’ ही कबुली त्या रूपातच आहे. संशोधकाच्या गद्यात अशी कबुली क्वचितच असते. तेथे सोंग लपलेले असते आणि त्याला वस्तुनिष्ठता असे नाव मिळते.

५

जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण घेऊन हा मुद्दा अधिक नेमका करता येईल. पहाटेच्या अंधारात, बहुधा दोघी समोरासमोर बसून, हाताच्या फेऱ्याबरोबर ओवी उठते. एकीने चरण म्हणावा, दुसरीने तो उचलावा. दगडाच्या घरघरीच्या वर निघेल इतकाच आवाज चढावा आणि घरातल्या निजलेल्यांना त्यातले सगळेच कळू नये. सासुरवास, माहेर, भाऊ, देव आणि सीता यांच्याविषयी जे इतरत्र बोलता येत नव्हते, ते त्या घरघरीच्या आडोशाने बोलता येई. हा आडोसा ओवीच्या अर्थाचा भाग आहे.

छापील संग्रहांत ओवी येते ती दोन ओळींची, नीटनेटकी. पुनरावृत्त चरण, ‘बाई’, ‘गं’ यांसारखी भरणी, मधले थांबणे हे सारे गळते. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ आणि सरोजिनी बाबर यांचे लोकसाहित्याच्या संकलनाचे प्रचंड कार्य नसते, तर आज आपल्या हाती फारच थोडे असते. त्यांच्याविषयीची कृतज्ञता कमी न करता हे नोंदवले पाहिजे. संकलनाच्या या प्रकारात गाणारी ‘लोक’ या समूहनामात विरघळते. वस्तुतः ‘लोक’ कधी गात नाहीत. कोणत्यातरी गावातील, कोणत्यातरी नावाची एक बाई गाते. पुण्यातून गी पॉइटव्हां आणि हेमा राईरकर यांनी उभारलेल्या प्रकल्पाचे वेगळेपण येथे आहे. एक लाखाहून अधिक ओव्या जमवताना त्यांनी गाणाऱ्या स्त्रियांची व गावांची नोंद ठेवली आणि पुढे शेकडो गाणाऱ्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. २०१७ पासून त्यांतील ओव्या ‘पारी’ या संग्रहातून गाणारीचे नाव आणि जेथे आहे तेथे तिचा आवाज यांसह लोकांपुढे येऊ लागल्या. अभ्यासाच्या रीतीत झालेला हा बदल मला तात्त्विक महत्त्वाचा वाटतो.

यासंबंधी माझा स्वतःचा एक प्रमाद सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने आपल्या आजीकडून ओव्या मिळवून प्रकल्प सादर केला. ‘पानी’चे ‘पाणी’, ‘कोन’चे ‘कोण’ असे मीच तिच्या कच्च्या प्रतीवर लाल शाईने करून दिले होते. ‘असंबद्ध भाग वगळावा’ अशी सूचनाही माझीच होती. संहिता निर्दोष झाली आणि तिला गुणही चांगले पडले. ध्वनिमुद्रण मात्र मी पुष्कळ दिवसांनी, दुसऱ्याच कामासाठी ऐकले. चौथ्या की पाचव्या ओवीनंतर आजी थांबते आणि नातीला विचारते, ‘आयकतियास न्हवं?’ नात ‘हां’ म्हणते. मग पुढची ओवी येते, आणि ती आधीच्या ओव्यांहून हळू, जवळजवळ बोलल्यासारखी आहे. ती मुलगी गमावलेल्या आईची आहे. कागदावर ती इतर ओव्यांच्या रांगेत एक क्रमांक घेऊन उभी होती. तिच्याआधीचा प्रश्न नव्हता, कारण तो ओवीचा भाग नव्हता.

तो ओवीचा भाग नव्हता काय? नात ऐकते आहे याची खात्री झाल्यावरच जी ओवी म्हटली गेली, तिचा तो पहिला चरण होता, असे मला आता वाटते. आणि माझ्या लाल शाईने केलेल्या ‘ण’ने त्या बाईची भाषा शुद्ध झाली नव्हती; तिच्या जागी दुसरीच कोणी बोलू लागली होती.

६

‘मग ध्वनिमुद्रण जपून ठेवावे म्हणजे प्रश्न सुटला,’ असे कोणी म्हणेल. तो सुटत नाही. पहिल्या महायुद्धात बर्लिनच्या दक्षिणेस व्यून्सडोर्फ येथील छावणीत ब्रिटिश सैन्यातील हिंदी युद्धकैदी होते. जर्मन विद्वानांच्या एका आयोगाने त्यांच्या भाषांचे नमुने तबकड्यांवर मुद्रित केले. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल्ल सिंग या शीख सैनिकाने फोनोग्राफच्या कर्ण्यासमोर आपली व्यथा तृतीय पुरुषात सांगितली : एक माणूस होता, तो मायदेशी लोणी खात असे, तो युद्धात आला, त्याला घरी परतायचे आहे. फिलिप शेफ्नर यांच्या २००७ च्या चित्रपटामुळे हा आवाज अनेकांपर्यंत पोहोचला. तोवर ती भाषेच्या एका नमुन्याची तबकडी होती. ध्वनी काळजीपूर्वक जपला गेला होता. आवाज मात्र नव्वद वर्षे ऐकला गेला नव्हता. मुद्रण करणाऱ्यांना ‘हा कोणती भाषा बोलतो?’ एवढेच हवे होते. ‘हा काय मागतो?’ हा प्रश्न त्यांच्या नोंदपत्रात नव्हता.

आज या प्रश्नाला आणखी एक बाजू आली आहे. थोड्याशा नमुन्यावरून कोणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल यंत्राला करता येते आणि दूरध्वनीवरून नातलगाच्या आवाजात पैसे मागून फसवणूक केली जाते. आरंभीच्या उदाहरणाकडे या दृष्टीने परत पाहिले पाहिजे. ‘मी’ हे उत्तर ज्या आवाजामुळे पुरेसे होते, तो आवाज आता कोणाविनाही निर्माण होऊ शकतो. म्हणजे आवाजाचे नैतिक वजन त्याच्या अनन्य नादगुणात आहे, ही समजूत अपुरी होती. यंत्राच्या आवाजात उणीव आहे ती नादाची नव्हे. त्याला उलट विचारले, तर जबाबदार राहणारे तेथे कोणी नाही. शब्द ‘देण्याला’ जो लागतो, तो तेथे नाही.

बधिर व्यक्तींच्या भाषांकडूनही हीच दुरुस्ती मिळते. हस्तमुद्रांच्या भाषा परिपूर्ण भाषा आहेत, हे विल्यम स्टोकी यांच्या १९६० च्या अभ्यासापासून भाषाविज्ञानाने मान्य केले आहे. त्यांत आवाज नाही. पण कोणीतरी एक, आपल्या देहाने, समोरच्याला उद्देशून सांगत असतो. हातांनाही आपली लकब, आपला थकवा, आपली घाई असते. तेव्हा या लेखात ज्याला आवाज म्हटले त्याचा गाभा गळ्यात नाही, तो या उद्देशून सांगण्यात आहे. बहुतेकांच्या बाबतीत ते गळ्यातून घडते, इतकेच.

७

यातून अभ्यासकापुढे येणारी कर्तव्ये साधी आहेत आणि म्हणूनच ती टाळली जातात. बोलणाऱ्याची संमती असेल तेथे नाव ठेवावे, आणि नसेल तेथे ते का नाही हे सांगावे. बोलीचा उच्चार प्रमाणभाषेत आणून ‘दुरुस्त’ करू नये. थांबणे, विचारणे, हसणे, खोकणे यांची नोंद ठेवावी, कारण त्यांतले काय असंबद्ध आहे हे ठरवण्याचा अधिकार लिहून घेणाऱ्याला आपोआप मिळत नाही. लिहून झालेली संहिता शक्य तेथे बोलणाऱ्याला वाचून दाखवावी. हे सर्व केल्यानेही आवाज कागदावर उतरणार नाही. पण काय उतरले नाही, हे वाचकाला कळेल.

लेखनाला याहून अधिक करता येईल काय, याविषयी मी साशंक आहे. आजीचा तो प्रश्न मी वर छापला, तेव्हा त्याचेही शब्दच तेवढे येथे आले. तो विचारताना तिचा आवाज कसा खाली आला, हे वाचकाला माझ्या सांगण्यावरूनच मानावे लागेल. त्या प्रकल्पाची प्रत विभागाच्या कपाटात आहे. तिच्यातील ‘ण’ खोडून पुन्हा ‘न’ करता येतील, आणि गाळलेली ओळ समासात लिहिताही येईल. ते मी करणार आहे. पण आजी आता नाहीत, आणि केलेली दुरुस्ती त्यांना वाचून दाखवता येणार नाही.